बाटलीतले आसू

संग्रामपूर
ता. १२ नोव्हेंबर १९६८

रुक्मिणी,

आशीर्वाद लिहिते, घ्यायचा तर घे. आधीची दोन पत्रं तू न फोडता परत लावली. पोस्टमननं ती कडूभाऊजीच्या हातात देली अन् भाऊजीनं पारावर चार माणसांच्या देखत मले आणून देली. म्हणून या पाकिटावर माहं नाव नाही. अक्षरही वळखू येऊ नये म्हणून पत्ता भाऊजीकून लिहून घेतला. आता फोडलंच आहे तर शेवटपर्यंत वाच. तू माह्या इंद्रभानची बायको होती, मी अजून तुले सूनच समजते.

परवा खामगावले जाऊन आली, डोळ्याच्या डॉक्टरकडे. दोन वर्षं झाली, डोळ्यात रेती टाकल्यावानी खुपते. उजेड सहन होत नाही. सकाळी पापण्या चिकटून बसतात, त्या पाण्यानं सोडवा लागतात. वांगे तोडताना वाऱ्याची झुळूक आली की मी डोळे मिटून वावराच्या कडेले धुऱ्यावर बसून राह्यते अन् मजूर बाया हसतात.

डॉक्टरनं टीपकागदाची एक बारीक पट्टी माह्या पापणीत अडकवली अन् घड्याळ लावून पाच मिनिटं बसवलं. पट्टी काढली तर जशीच्या तशी कोरडी. मंग त्यानं पापणी उलटी करून पाहिली. इचारलं, बाई, लहानपणी खुपऱ्या झाल्या होत्या काय? झाल्या होत्या. सुलतानपूरले माही माय दर पंधरा दिवसाले माही पापणी उलटी करे अन् मोरचुदाची कांडी घासे. मी बोंबलत राहो. सगळ्याच पोरीईले घासत होते तवा. डॉक्टर म्हणे, त्याच्यानं आतून सारी कातडी करपली, पाण्याचे झिरेच बुजले.

मी त्याले इचारलं, पोटचा पोरगा मेला तरी पाणी येणार नाही का? तो म्हणे, नाही येणार बाई, येईन कुठून. मी म्हटलं, हे मले कागदावर लिहून द्या, सही-शिक्का मारून. त्याले वाटलं मी मस्करी करून राह्यली. देलं नाही लिहून.

तुले कागद पाठवला असता मी, रुक्मिणी. त्याच्यासाठीच मागत होती.

दीड वर्षाखाली विहिरीतल्या इंजिनाचा धूर कोंडला अन् इंद्रभान खाली उतरला तो वरती आलाच नाही. भाऊजीनं दोर बांधून काढला. बाया रडाले आल्या. अंबूबाईनं मले गळ्याशी घेतलं, पदरानं माहे डोळे पुसले, मंग पदर चाचपून पाहिला अन् बाकीच्या बायाईकडे पाहिलं. तेवढंच. त्याच्यानंतर गावात माहं नाव पडलं. तेराव्याले तू सगळ्याईच्या समोर म्हणाली, पोटचा गेला तरी हिच्या डोळ्यात टिपूस नाही, या घरात मी माही पोरगी ठेवणार नाही. अडीच वर्षांची जनका घेऊन तू बापासंगं दुसरबीडले गेली. तवा माहे डोळे जळत होते, छाती फुटून राह्यली होती, अन् तोंड मात्र तुम्ही पाहिलं तसंच होतं.

डॉक्टरनं एक बाटली देली. चिकट पाणी आहे, त्याचा कंपाउंडर तिथंच बनवते. काचेच्या नळीनं दिवसातून सहा वेळा एकेक थेंब टाकायचा. म्हणे, बाई, हे औषध नाही, हे आसूच आहेत, फक्त बाटलीतले आहेत. जन्मभर टाका लागतीन. पहिला थेंब टाकला तवा गार वाटलं. एक ओघळ गालावर आला, तो मी पुसलाच नाही. तशीच ओसरीवर जाऊन बसली. भाऊजी म्हणे, वहिनी, काऊन रडून राह्यल्या? मले लय बरं वाटलं.

जनकाले मले पाहू दे. दुसरं काही मागत नाही.

अन्नपूर्णा


संग्रामपूर
ता. ९ डिसेंबर १९६८

रुक्मिणी,

तू उत्तर देलं नाही, तुह्या बाबानं देलं. त्याईचं कार्ड मिळालं. तुहा पाट मेहकरकडच्या पंजाबरावसंगं ठरला, त्याईची पहिली बायको गेली, दोन पोट्टे आहेत, पाच एकर ओलीत आहे. चांगलं झालं. मी हे तोंडदेखलं लिहून राह्यली नाही. तेविसाव्या वर्षी तू कोणाच्या आशेवर बसशीन? आपल्यात पाट लागते, त्याच्यात लाजायचं काही नाही. माही इच्छा कोणी इचारत नाही, पण इचारली असती तर मी हावच म्हटलं असतं.

पण कार्डाच्या खाली त्याईनं लिहिलं आहे की पंजाबराव पोरगी संगं आणू नोका म्हणतात. जनका तुह्या भावाजवळ राहीन. तुह्या भावजयीले मी पाहिलेलं आहे. तिची स्वतःची चार आहेत, त्याईच्याच नाकाले कधी फडकं लागत नाही.

मले दे.

मले एवढंच लिहायचं होतं, पण कागद उरला आहे म्हणून लिहिते. या घरात मी एकटी आहे. भाऊजी भाजीची गाडी घेऊन सकाळी बाजारात जाते, सांजेले येते, त्याचा संसार वेगळा. मी त्या विहिरीचं पाणी पीत नाही, पण त्याच पाण्यावर मेथी काढते, पालक काढते, गाजर काढते अन् जगाले खाऊ घालते. कोणासाठी करून राह्यली, हे मले कोणी सांगत नाही. इंद्रभानची सदरी अजून खुंटीले आहे. धुतली नाही. आता तिच्यात त्याचा वासही राह्यला नाही, नुसती धूळ आहे.

मी येत्या मंगळवारी येते. दारातून हाकलायचं तर हाकल. पण लोकाईच्या समोर तरी मले पोरगी एकदा पाहू देशीन, एवढी तुही रीत मले माहीत आहे.

अन्नपूर्णा


संग्रामपूर
ता. ५ जानेवारी १९६९

रुक्मिणी,

तू नव्या घरी रुळली असशीन. हे पत्र मुद्दाम तुह्या नावानं लावलं, पंजाबरावनं वाचलं तरी त्याच्यात झाकायसारखं काही नाही.

जनका बरी आहे. पहिले तीन दिवस तिनं मले आजी म्हटलं नाही, 'ओ बाई' म्हणे. चौथ्या दिवशी कोंबडी अंगावर आली तवा आजी झाली. आता दिवसभर वावरात माह्या मागं फिरते. वाफ्यातून गाजर उपटते, परकराले पुसते अन् कच्चंच खाते. मेथीचे शेंडे खुडून बकरीवानी चावत बसते. मी रागावली की म्हणते, आजी, तू पाहूच नोको. चार वर्षांची पोट्टी अन् तोंड पाहा.

त्या दिवशी तू पोरगी देशीन असं मले वाटलं नव्हतं. मेहकरले गाडी चुकली, दुपार टळून गेली. स्टँडवर उतरून मी जरा बसली, तोंड धुतलं, मंग घराकडे आली. तुहे बाबा आत बसा म्हणाले नाही. तू बाहेर आली, माह्या तोंडाकडे पाहिलं अन् पाहतच राह्यली. मंग तू म्हणाली, "आत्याबाई, तुमाले रडता येते?" अन् आत जाऊन पोरगी उचलून आणली अन् माह्या कडेवर देली.

तवा मी काही बोलली नाही. आताही काही बोलत नाही. पोरगी माह्याजवळ आहे, ती आता झोपली आहे अन् तिचा एक हात माह्या मांडीवर आहे, म्हणून अक्षर वाकडं येऊन राह्यलं.

तिले माय आठवते. इचारते, माय कवा येते. मी म्हणते, आखाजीच्या सणाले.

अन्नपूर्णा


संग्रामपूर
ता. २० फेब्रुवारी १९६९

रुक्मिणी,

कोणाच्या तोंडून कानावर जाईन त्याच्यापेक्षा मीच लिहिते. जनकाले गोवर झाला होता. आता उतरला. घाबरू नोको. गावात बारा-तेरा लेकराईले झाला, एक कुंभाराचं गेलं. आपली वाचली.

माता आली तवा मी सगळं रीतीनं केलं. दारात कडुनिंबाचा डगळा लावला, घरात फोडणी बंद केली, चपला बाहेर. पोरीले पांढऱ्या फडक्यात गुंडाळून आतल्या अंधाऱ्या खोलीत ठेवली. नऊ दिवस मी अंग टेकलं नाही. ताप एवढा की हात लावला तर चटका बसे. मी मातेले म्हटलं, एक नेलास, त्याच्यावर मी काही बोलली नाही, आता हिले हात लावशीन तर मी तुह्या देवळात पाय ठेवणार नाही. अशी दमात घेतली. मंग उतरला.

बाया म्हणे सात दिवसांनी पथ्य सोडा. सिंधूताई शेजारची, तिनं तर तिच्या पोट्ट्याले आठव्या दिवशी पालकाची भाजी खाऊ घातली. मी म्हटलं, तुमचं तुम्ही पाहा. मी सव्वा महिना पाळणार. हिरवं नाही, पिवळं नाही, तेल नाही, तूप नाही. दूधही उष्ण पडते म्हणतात, तेही बंद. ज्वारीच्या कण्या अन् भाताची पेज, बस. गाजर मागते, रडते, वाफ्याकडे पळते. मी उचलून परत आणते. अशक्त झाली आहे, हातपाय काड्यावानी झाले, पण ते अंगावर येईन हळूहळू. मी एकाच्या बाबतीत ढिली राह्यली, त्याले म्हटलं नाही की इंजिन बंद करून थोडं थांब अन् मंग उतर. या खेपेले माह्याकून काही सुटणार नाही.

तू म्हणशीन, आत्याबाई लय कडक आहेत. असू दे.

अन्नपूर्णा


संग्रामपूर
ता. १४ मार्च १९६९

रुक्मिणी,

एक गोष्ट सांगते, ऐकून तुले हसू येईन का राग येईन ते मले माहीत नाही. जनका माह्यावर गेली.

आठ-दहा दिवस झाले, पोरगी दिवेलागणीले ठेचकाळते. पाण्याच्या दांडात पडली, उंबऱ्यावर पडली, भाऊजीच्या ताटात पाय देला. मी रागावली, पाहून चालत जा म्हटलं. मंग पाहिलं की दिवसा उजेडाकडे पाठ करून बसते, भिंतीकडे तोंड. डोळे चोळते. डोळ्यावर चमक नाही, माह्यासारखेच राखट दिसतात. परवा बोट दारात चेंगरलं, तवा लय रडली. मी तिचे डोळे पुसायले गेली तर पदर कोरडा. मी पुन्हा पुसून पाहिलं. कोरडा.

रुक्मिणी, मले काय वाटलं ते मी खरं सांगते. मी तिले छातीशी धरलं अन् माह्या जिवाले एकदम बरं वाटलं. या जगात माह्यासारखं दुसरं कोणी नव्हतं, आता आहे. रक्ताचं आहे. हे वाटायले नोको होतं, पण वाटलं.

मंग मी इचार केला. हिचं उद्या लग्न होईन, सासरी जाईन, तिथं कोणी मेलं अन् हिच्या डोळ्यात पाणी आलं नाही तर हिले दगड म्हणतीन, घराबाहेर काढतीन. मले बावन्नाव्या वर्षी समजलं, हिचा इलाज मी चौथ्या वर्षीच करन. बाटली होतीच. सकाळपासून सहा वेळा तिच्या डोळ्यात एकेक थेंब टाकते. डोकं मांडीवर घेते, पापणी धरते, म्हणते, डोळा उघड. ती म्हणते, आजी, गार गार. पाणी गालावर येते. मंग आम्ही दोघी हसतो.

बाटली दोघीईले पुरत नाही. खामगावले वारंवार जाणं होत नाही, म्हणून मी माह्या डोळ्यात टाकणं सोडून देलं. मले आता तशीही सवय आहे.

कडूभाऊजी म्हणे, वहिनी, पोरीले एकदा डॉक्टरले दाखवून आणू, मी गाडी जुंपतो. मी म्हटलं, दाखवायचं काय, तो मले जे बोलला तेच बोलन, हीच बाटली देईन. औषध असतं तर मी इचारून देलं असतं. हे आसू आहेत, आसवानं कोणाचं काय बिघडते?

पथ्याचे अजून थोडे दिवस आहेत. गुढीपाडव्याले सोडीन.

अन्नपूर्णा


(कार्ड)
संग्रामपूर, ता. ३० मार्च १९६९

रुक्मिणी, तुहं कार्ड पोचलं. तू आखाजीच्या आधीच येते म्हणतेस. आता येऊ नोको. ऊन लय आहे, गाड्यांची गर्दी आहे, अन् नव्या घरातून एवढ्या लवकर निघणं बरं दिसत नाही, पंजाबराव काय म्हणतीन. जनका मजेत आहे. पथ्य सोडलं. तुही आठवण काढते. मी सवडीनं लिहीन. अन्नपूर्णा.


संग्रामपूर
ता. १९ एप्रिल १९६९

रुक्मिणी,

बसून वाच. जवळ कोणी असलं तर बरं.

जनकाले दिसत नाही. उजवा डोळा गेला. डाव्यावर पांढरं आलं आहे, त्याच्यातून उजेड अन् अंधार एवढंच समजते. डॉक्टर म्हणे, याच्यापुढं काही करता येत नाही.

मागचं कार्ड लिहिलं तवा उजव्या बुबुळावर पांढरा ठिपका आला होता. मले दिसत होता. सकाळ-सांज मी तिचं तोंड उजेडात धरून पाहे. ठिपका दाण्याएवढा झाला तरी मी थेंबच टाकत होती, सहाचे दहा वेळा केले. अन् तुले लिहिलं की मजेत आहे. तू आली असती तर तू तिले उचलून खामगावले नेली असती. मी तुले येऊ देलं नाही, काऊन की तू पोरगी परत नेशीन याचं मले भेव होतं. हे मी कोणाले सांगितलं नाही, तुले सांगते.

एक दिवस सकाळी ती उठली अन् माह्या तोंडासमोर बसून म्हणाली, आजी, तू कुठं आहे? तवा भाऊजीनं मले काही इचारलंच नाही, गाडी जुंपली.

डॉक्टरनं पाहिलं. त्याले दोन मिनिटंही लागले नाही. इचारलं, गोवर झाला होता? झाला होता. त्याच्यानंतर खायले काय देलं? मी सांगितलं, पेज अन् कण्या, पाच आठवडे. दूध? नाही. भाजी? नाही. अंधार पडल्यावर ठेचकाळत होती? हाव. मंग म्हणे, तुमच्या वावरात काय पिकते, बाई? मी म्हटलं, मेथी, पालक, गाजर, बांधावर शेवगा आहे. त्यानं हातातला पेन खाली ठेवला अन् माह्याकडे पाहत राह्यला. रागावला असता तर बरं झालं असतं.

मंग त्यानं समजावून सांगितलं. माहे डोळे कोरडे झाले ते खुपऱ्यानं अन् मोरचुदानं. तिचे कोरडे झाले ते उपाशी राह्यल्यानं. गोवरानं अंगातलं सत्त्व ओढून घेतलं, वरून मी खायचं बंद केलं. हिरवी भाजी, गाजर, दूध, माशाचं तेल, याच्यात जे असते त्याच्यावाचून लेकराचं बुबुळ आठ-पंधरा दिवसांत गळून जाते. ठेचकाळू लागली तवाच आणली असती तर दोन्ही डोळे राह्यले असते. मी त्याले म्हटलं, मी बाटलीतले आसू टाकत होती. तो म्हणे, त्यानं काही बिघडलं नाही, पण त्यानं काही होणारही नव्हतं, अन् दिवस गेले.

मी वावरातलं सारं बैलगाडीत भरून बाजारात धाडत होती, रुक्मिणी. त्याच दिवसांत. पोरगी वाफ्याकडे पळे अन् मी तिले ओढून आणे.

दुसरी गोष्ट. तुह्या दारात मी आली तवा तुले माह्या डोळ्यात पाणी दिसलं. ते माहं नव्हतं. दुसरबीडच्या स्टँडवर लिंबाखाली बसून मी दोन्ही डोळ्यांत चार-चार थेंब टाकले, अन् पुसले नाही, अन् तशीच चालत आली. तू म्हणाली, तुमाले रडता येते? मी गप्प राह्यली. त्या पाण्यावर तू पोरगी देली. तुले खरं माहीत असतं तर तू देली नसती, अन् आज तिचे डोळे असते. भावजयीच्या घरी नाक वाहत राह्यलं असतं, पण गाजराचा तुकडा तरी कोणी हातात देला असता.

दवाखान्यातून निघताना तिथली एक बाई दुसरीले म्हणाली, आजी पाहा कशी, एवढं सांगितलं तरी टिपूस नाही. या खेपेले मले राग आला नाही. बाटली माह्या पिशवीत होती. मी काढली नाही.

तू ये. मले काय बोलायचं ते बोल, मार, गावासमोर मार. अन् पोरीले घेऊन जा, नाही तर इथं राह्य अन् मले हाकल. पण ये.

अन्नपूर्णा


संग्रामपूर
ता. २१ जून १९६९

रुक्मिणी,

हे पत्र तुह्या बाबाच्या पत्त्यावर लावून राह्यली. तू बाळंतपणाले दुसरबीडले येशीन तवा ते तुह्या हातात देतीन. देतीन का नाही, कोण जाणे. त्याईच्या पायावर डोकं ठेवते असं मी वेगळं लिहिलं आहे.

मी एप्रिलात तुले एक मोठं पत्र लिहिलं होतं. त्याचं उत्तर पंजाबरावचं आलं. चार ओळी. रुक्मिणीले पाचवा महिना आहे, तब्येत नाजूक आहे, पत्र तिले दाखवलं नाही, दाखवणारही नाही, पोरगी तिकडेच असू द्या, आम्ही न्यायले येणार नाही. अक्षर चांगलं आहे त्याचं. मी त्याले दोष देत नाही. पण तुले अजून काही माहीतच नाही. तू तिकडे बसून समजत असशीन की पोरगी गाजर खाऊन राह्यली, आजीच्या मागं फिरून राह्यली.

म्हणून पुन्हा लिहिते. तुही जनका आंधळी झाली अन् ती माह्याकून झाली. कशी झाली ते तू आली की माह्या तोंडून ऐक, मी काही लपवणार नाही. सारं पुन्हा लिहायची ताकद आता बोटात नाही, अन् मलेही आता कागद धुरकट दिसते.

पोरगी आता माह्याजवळच राहीन. मी हेच मागत होती ना, मले दे म्हणून. मिळाली. आता ती सकाळपासून ओसरीवर बसून असते. भिंत धरून चुलीपर्यंत येते. मी तिले रोज भाजी चारते, दूध पाजते, डॉक्टरनं देलेलं तेल पाजते. ती सारं मुकाट्यानं खाते, काही मागत नाही. अंगावर आलं आहे आता तिच्या. गाल भरले. बाया येतात अन् म्हणतात, पोरगी छान झाली.

तू येशीन तवा तिच्याशी आधी बोल. तिचा हात धरून तुह्या तोंडावरून फिरव, कपाळावरून, नाकावरून. घाई करू नोको, तिले जरा वेळ लागते. हे मी काऊन सांगते ते खाली लिहिते.

काल तिले न्हाऊ घालत होती. सहज म्हटलं, जनके, तुले तुही माय आठवते का? म्हणे, हाव. म्हटलं, सांग पाहू कशी दिसते. मले वाटलं ती आठवायले बसन. तिनं लगेच सांगितलं.

"मायच्या कपाळावर हिरवं गोंदण आहे. तोंडात दात नाहीत. डोळे लाल आहेत. ती माह्यावर वाकते अन् म्हणते, डोळा उघड."

तुह्या कपाळावर गोंदण नाही, रुक्मिणी. शेवटचं जे तोंड तिनं पाहिलं, रोज सहा वेळा, दहा वेळा पाहिलं, तेच तिच्याजवळ राह्यलं. तुहं राह्यलं नाही.

तिनं इचारलं, आजी, माय अशीच आहे ना? मी तिच्या डोक्यावर पाणी ओतलं अन् म्हटलं, हाव, अशीच आहे.

अन्नपूर्णा